कोठडीतली मारहाण: आमच्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात 22 वर्षांपासून वकिली करते. विधी सेवा समितीच्या शिबिरांसाठी गावोगाव जाणं होतं. शिबिराचे विषय ठरलेले असतात, वारसाहक्क, फेरफार, पोटगी. पण सभा आटोपून चहा आला की कोणीतरी खुर्ची जवळ ओढतं आणि दुसरंच विचारतं. कोठडीतल्या मारहाणीला मी ‘सरकारमान्य छळ’ म्हणते, त्यावरचे ते प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. काही प्रश्न ज्या बोलीत कानावर आले तसेच ठेवले आहेत.

‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ अशी बातमी येते. यात चुकलं काय? चोर तर सापडला.

ही ओळ आपण इतक्यांदा वाचली आहे की ‘खाक्या’ म्हणजे काय हे विचारायचं सुचतच नाही. तळपायावर पट्टा मारतात, कारण तिथले वळ लवकर दिसत नाहीत. हात मागे बांधून टांगतात. दोन-दोन रात्री झोपू देत नाहीत. पाणी मागितलं तर देत नाहीत. यातलं काहीही कायद्यात बसत नाही. कबुलीसाठी किंवा चोरीचा माल काढून घेण्यासाठी मारणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली गुन्हा आहे. साधी दुखापत असेल तर 7 वर्षांपर्यंत शिक्षा, गंभीर असेल तर 10 वर्षांपर्यंत. म्हणजे त्या एका ओळीत दोन गुन्ह्यांची बातमी असते आणि आपण एकच वाचतो.

माझा आक्षेप मात्र कलमापासून सुरू होत नाही. बांधलेल्या माणसाला मारू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. त्याला पळता येत नाही, उलटून हात उगारता येत नाही, हाक मारली तर ऐकणारेही मारणाराचेच सोबती असतात. आपल्या गावात खुंट्याला बांधलेल्या बैलाला जो तुतारीने, म्हणजे टोचणीच्या काठीने, टोचत बसतो, त्याच्या घरी कोणी पोरगी देत नाही. त्याचा बैल दुसऱ्याच्या वावरात शिरला होता की नाही, हे तेव्हा कोणी विचारत नाही.

मारल्याशिवाय चोर कबूल कसा होईन, मॅडम?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. माझ्याकडच्या एका प्रकरणातून उत्तर देते.

एका गावात गोठ्याजवळच्या खोलीतून सोयाबीनची 14 पोती गेली. शेतकऱ्याने रपट दिली. दुसऱ्या दिवशी जवळच्या पारधी बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एका 19 वर्षांच्या पोराला उचललं. तिसऱ्या दिवशी त्याने कबूल केलं. चौथ्या दिवशी आणखी दोन चोऱ्या कबूल केल्या. त्यातली एक चोरी झाली त्या रात्री तो बहिणीच्या बाळंतपणासाठी ग्रामीण रुग्णालयाच्या ओट्यावर झोपला होता आणि तिथल्या नोंदवहीत त्याची सही होती. कोर्टात आणलं तेव्हा त्याला उजव्या हाताने वकीलपत्रावर सही करता आली नाही. अंगठा लावतानाही मनगट मला धरावं लागलं.

सोयाबीन पुढे दोन महिन्यांनी एका अडत्याकडच्या पावतीवरून सापडलं. चोर शेतकऱ्याच्या चुलतभावाचा पोरगा निघाला. पावती पहिल्या दिवशीही तिथेच होती.

म्हणजे मारल्यावर माणूस बोलतो, हे खरं आहे. तो मार थांबेल असं बोलतो. मारणाऱ्याला जे ऐकायचं आहे ते त्याच्या प्रश्नातूनच कळतं, आणि मार खाणारा तेच शब्द परत देतो. चोर असलेला आणि नसलेला दोघंही एकसारखंच बोलतात, मग त्या बोलण्याचा तपासाला काय उपयोग?

ठाण्यात दिलेली कबुली कोर्टात चालत नाही म्हणतात. मग मारतात कशाला?

बरोबर ऐकलं आहे. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम 25 आणि 26 मध्ये होतं, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आहे. हा नियम कोणा मवाळ न्यायाधीशाने काल-परवा काढलेला नाही. मद्रास इलाख्यात शेतसारा वसूल करताना आणि गुन्हे कबूल करून घेताना सरकारी माणसं रयतेचा छळ करतात, असा अहवाल 1855 मध्ये कंपनी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने दिला. पाच वर्षांनी, 1860 च्या दंड संहितेत, कबुलीसाठी मारण्याच्या गुन्ह्याला उदाहरणं दिली गेली त्यात पोलीस अधिकारी होता आणि महसूल अधिकारीही होता. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पोलिसांपुढची कबुली बाद केली आणि 1872 च्या पुरावा कायद्यात तेच आलं. परक्या सरकारलासुद्धा कळून चुकलं होतं की ठाण्यातल्या कबुलीवर विसंबता येत नाही.

पण एक खिडकी उघडी राहिली. कोठडीतल्या माणसाने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढं सांगणं पुराव्यात येतं. हेच ते जुनं कलम 27, आमच्याकडे अजून सगळे ‘सत्तावीसचा पंचनामा’च म्हणतात. त्यामुळे ‘माल काढून दे’ यासाठी पट्टा चालतो. कधी माल सापडतो, कधी सापडवला जातो. पंच म्हणून सही करणारे ठाण्यासमोरच्या पानठेल्यावरचे तेच ते दोघं असतात. तुम्हाला कोणी पंच व्हायला बोलावलं तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

याला ‘सरकारमान्य’ का म्हणता? सरकारने मारा असं लिहून तर दिलं नाही.

काही देशांत लिहूनही दिलं गेलं. 1 ऑगस्ट 2002 ला अमेरिकेच्या न्याय खात्याने एक मत लिहून दिलं. अवयव निकामी होण्याच्या किंवा मरणाच्या वेदनेइतकी वेदना झाली तरच त्याला छळ म्हणायचं, असा त्याचा अर्थ होता. त्याच्या आधारावर कैद्याला फळीला बांधून, तोंडावर फडकं टाकून पाणी ओतणं सुरू झालं. एका कैद्यावर 2003 च्या एकाच मार्च महिन्यात हे 183 वेळा केलं. इस्रायलमध्ये 1987 च्या एका आयोगाने ‘माफक शारीरिक दबाव’ चालेल असं म्हटलं आणि 1999 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पद्धती बेकायदेशीर ठरवल्या.

आपल्याकडे कागद नसतो. इथे मान्यता तुकड्यातुकड्याने मिळते. वरचे साहेब सोमवारपर्यंत तपास लावा म्हणतात, कसा ते विचारत नाहीत. ठाणेदार रात्री घरी जातो आणि मागे काय होणार हे त्याला माहीत असतं. तपासणी करणारा डॉक्टर शर्ट वर न करता ‘ताजी जखम नाही’ लिहितो. पेपर शाबासकी छापतो. पुढच्या आठवड्यात गाव त्याच साहेबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतं. कोणीच ‘मार’ म्हटलेलं नसतं, पण पोराच्या मनगटावर वळ असतात. पुढे खटला भरायची वेळ आली की ‘हे कर्तव्य बजावताना घडलं, सरकारची पूर्वपरवानगी आणा’ असा बचाव येतो. मारणं हे कर्तव्यात येत नाही असं न्यायालयांनी अनेकदा सांगितलं आहे, तरी त्या वादात वर्षं निघून जातात.

आणि कुठे बॉम्ब ठेवला असेल तर? हजार लोक मरतील, एकाला मारून वाचतील.

शिबिराला येणारी कॉलेजची पोरं हा प्रश्न हमखास विचारतात. या गोष्टीत सगळं आधीच माहीत असतं. बॉम्ब आहे हे नक्की, याच माणसाला ठाऊक आहे हे नक्की, मारलं की तो खरंच सांगणार हेही नक्की. ठाण्यात आणलेल्या माणसाबद्दल यातलं एकही नक्की नसतं.

खरं घडलेलं सांगते. 2001 च्या अखेरीस इब्न अल-शेख अल-लिबी नावाचा माणूस पकडला गेला आणि पुढे इजिप्तच्या ताब्यात दिला गेला. तिथे छळ झाल्यावर तो म्हणाला की इराकने अल-कायदाला रासायनिक शस्त्रांचं प्रशिक्षण दिलं. फेब्रुवारी 2003 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्याने संयुक्त राष्ट्रांत जगापुढे ते सांगितलं. पुढच्या महिन्यात युद्ध सुरू झालं. 2004 मध्ये अल-लिबीने ते सगळं परत घेतलं. एकाला मारून हजार वाचवायची गोष्ट सांगतात ना, इथे मार खाल्लेल्या एकाच्या खोट्याची मदत लाखो माणसं होरपळणाऱ्या युद्धाला झाली.

म्हणूनच 1984 च्या छळविरोधी करारात दुसऱ्याच कलमात लिहून ठेवलं आहे: युद्ध असो, युद्धाची धमकी असो, देशात अस्थिरता असो, कोणत्याही कारणाने छळाचं समर्थन करता येणार नाही.

भारताने त्या करारावर सही केली आहे का?

14 ऑक्टोबर 1997 ला केली. पण पक्की मान्यता अजून दिलेली नाही, कारण त्यासाठी देशात छळविरोधी कायदा हवा. 2010 मध्ये तसं विधेयक लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेने प्रवर समितीकडे पाठवलं आणि ते पुढे मंजूर न होताच विरून गेलं. 2017 मध्ये विधी आयोगाने आपल्या 273 व्या अहवालात मसुदा करून दिला. तो तसाच पडून आहे. याचा मला फार राग आहे.

माह्या पोरीवर हात टाकणाऱ्याले पोलिसानं तुडवला, तर तुमच्या पोटात काहून दुखते?

हे मला एका आईने विचारलं. तिची मुलगी 9 वर्षांची होती. त्या दिवशी मी लगेच उत्तर दिलं नाही. तिच्या रागावर बोट ठेवायचा मला अधिकार नाही, आणि त्या माणसाबद्दल माझ्या मनात कणभर माया नव्हती.

नंतर दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कामाची. अशा खटल्यात निकाल लागतो तो मुलीच्या जबाबावर, वैद्यकीय तपासणीवर, कपड्यांच्या सीलबंद पाकिटावर. आरोपीला तुडवलं की तपासणारा माणूस समाधानी होतो आणि पाकीट कपाटात पडून राहतं. उलटतपासणीत आरोपीचा वकील त्याच्याच अंगावरच्या जखमा दाखवतो आणि सगळ्या तपासावर संशय उभा करतो. मी स्वतः वकील आहे, हे कसं करतात मला माहीत आहे.

दुसरी सांगायला कठीण गेली. खटल्याचं काहीच नुकसान होणार नसेल तरीही ते करू नये. शिक्षा म्हणजे सगळ्यांसमोर, आरोप सांगून, ऐकून घेऊन, मोजून दिलेली गोष्ट. कोंडलेल्या खोलीत तिघांनी एकाला मारणं हे त्या माणसाने मुलीशी केलं त्याच्याच जातीचं आहे: समोरचा हलू शकत नाही म्हणून करणं. तिच्या नावाने ते होऊ नये असं मला वाटतं. आईला हे पटलं असं मी म्हणणार नाही. खटला शेवटपर्यंत तिने माझ्यासोबत चालवला, एवढं मात्र खरं.

आणि चिमूर आठवा. 16 ऑगस्ट 1942 ला तिथे जमावाने सरकारी अधिकारी मारले होते, ते काही खोटं नव्हतं. त्यानंतर आलेल्या फौजेने आणि पोलिसांनी गावावर सूड उगवला, बायकांची विटंबना केली. सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी त्याच्या चौकशीसाठी 63 दिवस उपाशी राहिले. अधिकारी कोणी मारले हा हिशेब आधी पूर्ण करा, मग बायकांचं बोलू, असं ते म्हणाले नाहीत. आज चिमूरच्या हुतात्म्यांना हार घालणारे आपण, आपल्याच ठाण्यातल्या कोठडीबद्दल वेगळं माप कसं लावणार?

दर वेळी बेड्यावरचेच लोक का उचलतात?

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जातींना जन्मानेच चोर ठरवलं. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. ठाण्याच्या डोक्यातून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्याही डोक्यातून गेला नाही. मोटारपंपाची केबल गेली की पहिलं बोट कुठे जातं? रपट लिहिताना ‘संशय कोणावर’ या रकान्यात आपणच बेड्याचं नाव सांगतो. त्यानंतर जे होतं त्यात आपला हात आहे. बेड्यावर जामीनदार नाही, सातबारा नाही, पुढाऱ्याचा फोन नाही. मार खाणाऱ्यांत वकिलाचा किंवा सरपंचाचा मुलगा सहसा दिसत नाही, तो याच कारणाने.

ठाण्यात बाईमाणसाला धोका असतो का?

असतो, म्हणूनच नियम कडक आहेत. आणि हे नियम आपल्याच मातीतून आले आहेत. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज ठाण्यात, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात, एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. तिचं नाव मी लिहीत नाही. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. तिने ओरडा केला नाही, अंगावर जखमा नाहीत, असं कारण दिलं गेलं. बाहेर दारं बंद, दिवे बंद, समोर खाकी गणवेश, अशा वेळी एका पोरीने किती ओरडावं अशी अपेक्षा होती? 1979 मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवरचा बलात्कार हा वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला आणि संमती नव्हती असं ती म्हणाली तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं ठरलं.

आज लक्षात ठेवायचं ते हे: सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा तर तो तिच्या घरी येऊन.

गडचिरोलीकडे तर दोन्हीकडून मार आहे. तिथे काय म्हणाल?

तिथल्या गावांनी नक्षलवाद्यांकडून ‘खबऱ्या’ ठरवून केलेले खूनही पाहिले आहेत आणि ‘जेवण कोणी दिलं’ म्हणून झालेली मारहाणही. दोन्हींचा मी निषेध करते. फरक एवढाच की एक बाजू राज्यघटनेची शपथ घेऊन आलेली आहे. रात्री बंदूक घेऊन आलेल्याला भाकर दिली म्हणून सकाळी बापाला मारलं, तर त्याचा पोरगा कुठे जाईल याचा विचार मारणाऱ्याने करावा.

नार्को टेस्ट बरी नाही का? त्यात मार नाही.

संमतीशिवाय नार्को (गुंगीचं औषध देऊन प्रश्न विचारणं), पॉलिग्राफ (खोटं पकडायचं यंत्र) किंवा ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरी तपासणं) करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 5 मे 2010 ला सेल्वी खटल्यात हे सांगितलं. अंगाला न लावता मनावर जबरदस्ती केली तरी ती जबरदस्तीच. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही.

पोलीसही माणसंच आहेत. त्यांच्यावर किती ताण असतो!

असतोच. माझा मामेभाऊ पोलिसात आहे. बंदोबस्त, गणपती, निवडणूक, व्हीआयपी, आणि उरलेल्या वेळात तपास. एका बीट जमादाराकडे कितीतरी गावं, गाडीत डिझेल नाही, फॉरेन्सिकचा अहवाल यायला महिने. पट्टा हा त्यांच्याकडचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. माणसं द्या, गाड्या द्या, शास्त्रीय तपासाचं शिक्षण द्या, असं मी प्रत्येक सभेत म्हणते. भाऊ एकदा म्हणाला होता, ‘पहिल्यांदा मारलं त्या रात्री जेवण गेलं नाही, नंतर सवय झाली.’ ती सवय त्याच्या घरात कशी शिरली हे वहिनी सांगू शकेल. तिने मला सांगितलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमच्या माणसाला उचललं. आता काय करावं?

घाबरून गावच्या पुढाऱ्याकडे जाण्याआधी वेळ लिहून ठेवा. किती वाजता, कोणी, कोणत्या गाडीतून नेलं. अटक केल्यापासून 24 तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं. ही तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये घटना समितीत मांडली, ती आजचा अनुच्छेद 22 आहे. ‘अजून अटक दाखवली नाही, फक्त चौकशीला आणलं’ असं ठाण्यात सांगतील. तो 24 तासांचा काटा थांबवायचा मार्ग आहे, म्हणून तुमची वेळ कागदावर हवी. त्याच वेळी पोलीस अधीक्षकांना ईमेलने नाही तर स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा. पोचपावतीला पुढे फार किंमत येते.

अटक झाली तर अटकेचा पंचनामा करावा लागतो, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही लागते. नातेवाइकाला कळवावं लागतं. कोठडीत असेपर्यंत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी. हे सगळं सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या डी. के. बसू निकालात घालून दिलं आहे आणि बरंचसं आता कायद्यात आलं आहे. चौकशी चालू असताना, सगळा वेळ नाही तरी, वकिलाला भेटता येतं. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे या किंवा 15100 वर फोन करा, अटकेतल्या माणसाला वकील फुकट मिळतो.

सगळ्यात महत्त्वाचं कोर्टात उभं केल्यावरचं. ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ असं न्यायदंडाधिकाऱ्याने विचारायचंच असतं, 1983 पासून तसा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. तेव्हा मारणारा मागेच उभा असतो आणि पुन्हा पीसीआरमध्ये, म्हणजे पोलीस कोठडीत, त्याच्याचकडे जायचं असतं, म्हणून बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात. ते सोयाबीनवालं पोरगंही ‘नाही’च म्हणालं होतं. मी त्याची बाही वर केली. घरच्यांनी त्या दिवशी कोर्टात हजर राहावं, वकिलाला जखमा आधी दाखवाव्यात आणि वैद्यकीय तपासणीची मागणी तोंडी न करता लिहून द्यावी.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, असा अर्जही लगेच करा. 2 डिसेंबर 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालाप्रमाणे प्रत्येक ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे हवेत. उशीर केला तर ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ठरलेलं.

कोठडीत माणूस गेला तर?

न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी बंधनकारक आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 196. मानवी हक्क आयोगाला 24 तासांत कळवावं लागतं. शवविच्छेदनाचं चित्रीकरण मागा. कोऱ्या कागदावर सही करू नका, ‘प्रेत लवकर मिळेल’ म्हटलं तरी.

मानवी हक्क आयोगाचा अर्ज इंग्रजीत लागतो का? फी किती?

मराठीत चालतो. फी नाही. घटनेपासून एक वर्षाच्या आत द्यावा. साध्या कागदावर तारीख, वेळ, ठाण्याचं नाव, कोणी मारलं (नाव माहीत नसेल तर नेमप्लेटवरचं आडनाव किंवा हुद्दा), कशाने, कुठे लागलं, कोणत्या दवाखान्यात दाखवलं एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या आणि तिच्याकडून परत वाचून घ्या. अंगठा चालतो.